४५ जीबीची फाइल, १०० एमबीपीएस लाइन: वेळेचा हिशेब कुठे चुकतोय?

प्रश्न: ४५,००० एमबी भागिले १०० म्हणजे ४५० सेकंद, साडेसात मिनिटं. पण फाइल सर्व्हरवर चढवताना विंडोजमध्ये साडेपाच तास दाखवतंय. लाइन खराब आहे का?

उत्तर १: लाइन ठणठणीत आहे. एमबीपीएसमधला ‘बी’ बिटचा, फाइलच्या आकारातला बाइटचा. १ बाइट = ८ बिट, म्हणून आधी ८ ने गुणा: ३,६०,००० भागिले १००, म्हणजे एक तास. हा झाला डाउनलोडचा वेळ. तुम्ही अपलोड करताय, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये तो वेग बराच कमी असतो. स्पीड टेस्टमधला अपलोडचा आकडा बघून सांगा.

प्रश्नकर्ता: अपलोड २० निघाला!

उत्तर २: मग पाच तास झालेच. शिवाय विंडोज १ जीबी म्हणजे १०२४ एमबी धरतं (एमबी आणि केबीही १०२४ च्याच पटीत), त्यामुळे तुमचे ४५ प्रत्यक्षात ४८.३ जीबी भरतात: ५ तास २२ मिनिटं. वर प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्याच्या, हेडरमध्ये (पत्ता वगैरे माहितीत) साधारण ५ टक्के जातात. साडेपाचच्या थोडं पुढेच धरून चाला.

उत्तर ३: एक राहिलं. सर्व्हर लांब असेल तर पिंगही (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघा. ६४ केबीची विंडो (पोच येण्याआधी एका वेळी जास्तीत जास्त पाठवता येणारा डेटा) आणि २०० मिलिसेकंद पिंग असेल, तर एका जोडणीला जेमतेम २.६ एमबीपीएस मिळतात, लाइन कितीही मोठी असो. हल्लीच्या सिस्टिम विंडो आपोआप वाढवतात, जुनी एफटीपी (फाइल पाठवायची) सॉफ्टवेअर कधीकधी अडकतात. तिथे चार-पाच जोडण्या एकदम चालवा. आणि हजारो बारक्या फाइली असतील तर आधी एकच झिप करा. दर फाइलमागे जाणारा वेळ वाचतो.