उत्तर: ऑपरेशननंतर नजर वाढली नाही म्हणजे फसलं का?
ताई, आईचं काचबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला तरी दिसणं वाढलं नाही, म्हणून तुम्ही घाबरलात. पण फसलं असं लगेच समजू नका. दृष्टीची नस जेवढी गेली तेवढी परत येत नाही. ट्रॅबेक्युलेक्टोमी, म्हणजे डोळ्यातलं पाणी झिरपायला नवी वाट करून देणारं हे ऑपरेशन, डोळ्यातला दाब उतरवून उरलेली नजर वाचवतं. डॉक्टरांना दाबाचा आकडा विचारा.

माझ्या बाबांचं ऑपरेशन नागपुरातच झालं, ऐन मे महिन्यात. पाचव्या दिवशी दाब ४ वर, म्हणजे फारच खाली, नजर पार धूसर. नव्या वाटेनं पाणी गरजेपेक्षा जास्त झिरपत होतं. ॲट्रोपिनचे थेंब, विश्रांती, आणि तीन आठवड्यांत दाब ११. उलटही होतं: नवी वाट व्रण धरून बुजते, म्हणून ऑपरेशनमध्येच मायटोमायसिन हे व्रण रोखणारं औषध लावतात. मोतीबिंदूही लवकर वाढतो, बाबांचा वाढलाच.

एक मात्र मनावर घ्याच. झिरपलेलं पाणी जिथे साठतं, तो वरच्या पापणीखालचा फुगा कायम नाजूक राहतो. काही वर्षांनीही डोळा लाल झाला, दुखला, चिकटला, तर सोमवारची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. संसर्ग आत उतरला तर डोळा जाऊ शकतो. बर्डीच्या बाजारातल्या धुळीत चष्म्याशिवाय नेऊ नका. आणि काचबिंदू घराण्यात चालतो, म्हणून तुमच्याही डोळ्यांचा दाब तपासून घ्या. आमच्या मोठ्या भावाचा काचबिंदू असाच सापडला.