वडील ७७ वर्षांचे, लायसन्स रिन्यूला आलंय. करू द्यावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझे वडील (नाना) ७७ वर्षांचे. कराडला आई आणि ते दोघंच असतात, मी पुण्यात, भाऊ दुबईला. नाना पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, सगळी नोकरी कोयनेच्या बाजूला, ड्रायव्हर आला नाही की खात्याची जीप स्वतःच काढायचे, भर पावसात घाट उतरलेला माणूस. आजवर एकही अॅक्सिडेंट नाही. त्यामुळे गाडीचा विषय काढला की "तुझ्या जन्माच्या आधीपासून चालवतोय" हे ठरलेलं उत्तर.

आता गेल्या वर्षभरात काय काय झालंय ते सांगते. आधी गेटच्या खांबाला वॅगनआर घासली, डावीकडचे दोन्ही दरवाजे. आईला म्हणाले खांब बांधताना गवंड्याने चुकवलाय (खांब १९९४ चा आहे). मग दिवाळीत पाटणला जाताना एक चाक रस्ता सोडून खाली उतरलं, साइडपट्टीवर, पण थोडक्यात निभावलं. आणि मागच्या महिन्यात कोल्हापूर नाक्याजवळ डाव्या बाजूने आलेला बाइकवाला त्यांना दिसलाच नाही. पोराला काही लागलं नाही, बाइकचा आरसा फुटला, नानांनी पाचशे रुपये दिले आणि विषय तिथेच मिटवला. हे मला आईने फोनवर सांगितलं, तेही नाना अंघोळीला गेल्यावर, आणि वर "मी सांगितलं म्हणू नकोस".

यात लायसन्सची मुदत संपत आलीय. पंचावन्नच्या पुढे दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, मागचं ७२ व्या वर्षी केलं होतं. टेस्ट वगैरे काही नाही, फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट, फॉर्म १ए, जो चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना लागतो तोच. मी तो फॉर्म उघडून नीट वाचला. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, हातपाय शाबूत आहेत का. बास. चौकात एकाच वेळी रिक्षा, कुत्रं, सिग्नल आणि डावीकडून घुसणारा बाइकवाला यांच्याकडे लक्ष राहतं का असं त्यात कुठेच विचारलेलं नाही. आणि एवढं तरी कोण तपासतंय? नानांनी एजंटला फोन केला तर तो म्हणाला काका तुम्ही यायची पण गरज नाही, कागद व्हॉट्सॲपवर टाका, डॉक्टरची सही मी आणतो. नाना खूश. मी हबकले.

रात्री झोप येईना म्हणून बाकीच्या देशांत काय करतात ते वाचत बसले. जपानमध्ये ७५ च्या पुढे रिन्यू करताना स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी द्यावी लागते, आणि काही ठरावीक नियम मोडलेले असतील तर २०२२ पासून प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते. तिथे २०१९ मध्ये टोकियोत इकेबुकुरोला ८७ वर्षांच्या माणसाने ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला, एक आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागीच गेल्या. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. तो मोठा रिटायर्ड सरकारी अधिकारी होता, हे वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला.

मला नानांचं लायसन्स काढून घ्यायचंय असं नाही हो. गाडी गेली की त्यांची बँक, आईचा दवाखाना, मंगळवारचं मित्रमंडळ, गावच्या शेतावरची चक्कर सगळंच बंद होणार, आणि एसटीच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. पण आज त्यांना "तुम्ही चालवू नका" म्हणणारी जगात मी एकटीच आहे, आणि मी पडले मुलगी, जिला गाडी त्यांनीच शिकवली. परीक्षा असती तर निकाल तिसऱ्या माणसाने दिला असता, पास तर पास, माझीही कटकट मिटली असती. म्हणून विचारतेय: १) आपल्याकडे स्वतःहून अशी टेस्ट देता येते का, कुठे? २) तुमच्या घरी हा विषय कोणी आणि कसा काढला? ३) ठरावीक वयानंतर पुन्हा टेस्ट सक्तीची असावी असं तुम्हाला वाटतं का, की मीच अति करतेय?

बिनब्रेकची सायकल: तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. अति करताय. २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं मेली, त्यातली दोनतृतीयांश १८ ते ४५ मधली. म्हातारे चाळीसने चालवतात, रात्री निघत नाहीत, पिऊन चालवत नाहीत. टेस्ट घ्यायचीच तर आमच्या गल्लीत फटाके फोडत बुलेट फिरवणाऱ्यांची घ्या. आणि टेस्ट सक्तीची केली की आरटीओच्या बाहेर अजून एक खिडकी उघडेल, रेट ठरेल, नानांचा एजंट तेही व्हॉट्सॲपवर करून देईल.

धागाकर्ती: एजंटबद्दलचं शंभर टक्के पटलं. पण बुलेटवाला माझ्या घरात नाहीये ना, नाना आहेत.

काळा चष्मा: मी डोळ्यांची डॉक्टर आहे, सर्टिफिकेटवर सह्या मीही करते, तपासून करते हे आपलं सांगून ठेवते. ताई, तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही, तुम्ही लिहिलेले दरवाजे डावे, बाइकवाला डावा, आणि चाक रस्त्याच्या खाली उतरलं म्हणजे तेही डावंच असणार. वयाचा विषय दोन मिनिटं बाजूला ठेवा आणि आधी त्यांची फील्ड टेस्ट करा (पेरिमेट्री म्हणतात, मशीनमध्ये बघून ठिपका दिसला की बटण दाबायचं). काचबिंदूत कडेची नजर हळूहळू जाते आणि पेशंटला पत्ताच नसतो, समोरची नंबरप्लेट तो खडाखडा वाचतो, म्हणजे फॉर्म १ए मध्ये आरामात पास. एकाच बाजूचं दिसत नसेल तर कधीकधी कारण डोळ्यात नसून मेंदूत असतं, नकळत छोटासा स्ट्रोक येऊन गेलेला असू शकतो, त्यामुळे हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका. शुगर असेल तर गोळ्या कुठल्या आणि जेवणाच्या वेळा काय तेही डॉक्टरांना सांगा, झोपेची गोळी घेत असतील तर तीही. तोवर गाडी बंद, हे कोणाला दुखावून सांगावं लागलं तरी चालेल.

सिडनीचा सख्या: इकडे न्यू साउथ वेल्समध्ये ७५ नंतर दर वर्षी मेडिकल, आणि ८५ नंतर दर दोन वर्षांनी रस्त्यावरची टेस्ट. टेस्ट नको असेल तर मॉडिफाइड लायसन्स घ्यायचं, म्हणजे घराजवळच्या ठरलेल्या अंतरातच चालवायचं. आमच्या शेजारच्या आजोबांनी तेच घेतलंय, दुकान, चर्च, क्लब आणि घर. मला हा मधला मार्ग फार आवडतो, माणूस एकदम घरात कोंडला जात नाही. पण गंमत म्हणजे शेजारच्या व्हिक्टोरियात वयावर काहीच सक्ती नाही आणि तिथे काही म्हातारे धडाधड ठोकत सुटलेले नाहीत, त्यामुळे टेस्टने किती फरक पडतो यावर इकडेही वाद चालूच असतो. ब्रिटनमध्ये सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी स्वतःच लिहून द्यायचं की मी फिट आहे. २०१९ मध्ये राणी एलिझाबेथच्या नवऱ्याची, प्रिन्स फिलिपची गाडी उलटली तेव्हा तो ९७ चा होता! महिन्याभरात लायसन्स स्वतःच परत केलं त्याने. तिथे तरी कोण नाही म्हणणार होतं.

क्लच प्लेट: टेस्टबद्दल. भोसरीला आयडीटीआरचा (ड्रायव्हिंग शिकवणारी आणि तपासणारी संस्था) ट्रॅक आहे, पुण्याच्या चारचाकी लायसन्सची टेस्ट तिथेच होते, फोन करून विचारा की असं कोणाला तपासून देतात का. पण खरं सांगू का, आठचा आकडा आणि रिव्हर्समधला एच नाना डोळे मिटून काढतील, तुमचा प्रश्न चौकातला आहे. त्यापेक्षा कराडमधलाच जुना ड्रायव्हिंग स्कूलवाला गाठा, त्याच्या गाडीला त्याच्या बाजूनेही ब्रेक असतो, तासाचे पैसे द्या आणि बाजारातून फिरवून आणायला सांगा. तुम्ही गाडीत बसू नका, मुलगी मागे असली की कोणीही बाप नीट चालवत नाही. आणि कोणी ऑटोमॅटिक घ्या म्हणेल, ऐकू नका. पन्नास वर्षं क्लच दाबलेल्या पायाला या वयात दोनच पेडल दिली की घोळ होतो, माझ्या काकांनी पार्किंगमध्ये भिंत पाडली.

मोगरा_७२: आमच्याकडे नातवाने काम केलं. "आजोबा मला तुमच्या गाडीत भीती वाटते" एवढंच म्हणाला. सासऱ्यांनी त्या दिवसानंतर चावीला हात लावला नाही, पण सहा महिने कोणाशी धड बोललेही नाहीत. सोपं नाही हे ताई.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. काळा चष्मा, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटाच आला, डाव्या बाजूचं माझ्या खरंच लक्षात आलं नव्हतं. आईला विचारलं तर म्हणे ताटात डावीकडची चटणी बरेचदा तशीच राहते, तिला वाटलं तिखट सोडलं. मी शनिवारी कराडला गेले, ड्रायव्हिंगचा ड पण काढला नाही, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इतकी वर्षं झाली, एकदा चेकअप करू एवढंच बोलले. आधी "डोळे नवे बसवलेत मला" वगैरे झालं. मग बाइकवाल्याचं त्यांनी स्वतःच काढलं. म्हणाले तो कुठून आला मला अजून कळलेलं नाही, आणि बराच वेळ गप्प बसले. बुधवारची फील्ड टेस्टची अपॉइंटमेंट घेतलीय, गरज पडली तर तिथूनच पुढे मेंदूच्या डॉक्टरांकडे. एजंटला मी परस्पर थांबवलंय. चावी त्यांनी माझ्या हातात दिली नाही, पण फ्रीजवर ठेवलीय आणि दोन दिवस ती तिथेच आहे.

क्लच प्लेट, डोळ्यांचं ठीक निघालं तर ड्रायव्हिंग स्कूलचं नक्की करणार. तोवर कराडात दिवसावर येणारा, म्हाताऱ्या माणसाशी नीट बोलणारा ड्रायव्हर कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. मालक शेजारी बसून प्रत्येक गिअरला सूचना देणार हे त्याला आधीच सांगून ठेवा.