पोरांची गटवार प्रश्नमंजुषा: सातारा-सांगलीकरांनो, आपापले अनुभव लिहा

गणपतीच्या आधीच्या बैठकीत आमच्या मंडळात एक वाक्य हमखास येतं, "यंदा नुसता डॉल्बी नको, जरा बौद्धिक पण ठेवू." बौद्धिक म्हणजे प्रश्नमंजुषा, आणि ती घ्यायची कुणी, तर जो वाचनालयात जाताना दिसतो त्यानं. साताऱ्यात आमच्या पेठेत ते काम माझ्या गळ्यात आहे. समोर कॉलेजची पोरं-पोरी, नुकती नोकरीला लागलेली काहीजणं, आणि दोन-चार एमपीएससीवाले.

माझं मत आधीच सांगतो. चौघांनी डोकी एकत्र आणल्याशिवाय सुटणार नाही, असा प्रश्न पाहिजे. राजधान्या आणि पहिल्या महिला अमुक-तमुक विचारलं की प्रत्येक संघातला एमपीएससीवाला एकटा खेळतो आणि बाकीचे वडापाव कधी येतोय ते बघतात. त्याऐवजी मी विचारलं, "यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे. ते जन्मले तेव्हा गाव कुठल्या जिल्ह्यात होतं आणि आज कुठल्या?" एकाला 1913 हे साल पाठ होतं, पण गाव कुठं आलं ते माहीत नव्हतं. दुसरा म्हणाला, कराडकडंच कुठंतरी असणार. एरवी तोंड न उघडणाऱ्या पोरीचं आजोळ निघालं त्याच बाजूला. ती कुजबुजली, "कडेगाव तालुका. सांगलीत येतं ते." मग एमपीएससीवाल्याला आठवलं, की 1949 ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 ला त्याचं नाव सांगली पडलं. उत्तर जुळलं: तेव्हा सातारा, आता सांगली. त्या पोरीनं नंतरच्या फेरीत माईक सोडला नाही.

तर लिहा. संघ कसे पाडता, प्रश्न कुठून आणता, भांडणं कशी मिटवता?

सांगली, गावभाग

भांडणं म्हणाल तर आमच्याकडं नाटकाच्या प्रश्नावर होतात. नाट्यपंढरी ना! "पहिलं मराठी नाटक कोणतं?" असं विचारलं की सगळे विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' म्हणणार, आणि एक वाचणारा पोरगा उठणार, "तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या कितीतरी आधी मराठीत नाटकं लिहिलीत, त्याचं काय?" त्याचं बरोबरच आहे. म्हणून प्रश्न लिहितानाच सगळ्या वाटा बंद करायच्या: "1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी कोणत्या नाटकाचा प्रयोग केला?" आता बोला. 'पहिला', 'सर्वात मोठा', 'एकमेव' हे शब्द मी प्रश्नातून काढूनच टाकलेत.

गुण सारखे झाले तर आम्ही अंदाजाचा प्रश्न घालतो. चिठ्ठीवर आकडा लिहायचा, जो जवळ तो जिंकला. मागं विचारलेलं, "2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी कितीपर्यंत चढलं होतं?" धोक्याची पातळी 45 फूट हे सांगलीतल्या शेंबड्या पोराला पण माहीत. पुढचं मात्र ज्यानं त्यानं आपल्या घराच्या पायऱ्यांवरून मोजलं. "आमच्यात माळ्याला लागलं होतं, म्हणजे छप्पन तरी," "अरे ते दुसऱ्या दिवशी!" पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं. जिंकलेल्या संघानं 57 च लिहिलं होतं. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं दुकान त्या पाण्यात गेलं होतं. टाळ्या पडल्या, पण तो स्वतः काही हसला नाही. पुराचे प्रश्न विचारावेत का, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी विचारा म्हणणारा.

कराडकर, एनएसएसवाला

आमचा खेळ शिबिरात, गावच्या मंदिरात. प्रोजेक्टर नाही, लाईटीचा भरवसा नाही. संघ चिठ्ठ्या टाकूनच पाडायचे, नाहीतर होस्टेलची टोळी एकीकडं आणि गावाकडनं ये-जा करणारी दुसरीकडं, असं होतं.

आमची अडचण वेगळीच. मागं बसलेले म्हातारे उत्तरं द्यायचे! खाशाबा जाधवांचं नाव आलं रे आलं की प्रश्न पुरा व्हायच्या आत "बावन्न साल, हेलसिंकी, ब्राँझ!" खाशाबांचं गाव गोळेश्वर आम्हाला खेटूनच, त्यांना काय सांगणार. गप्प बसवून काही बसले नाहीत. शेवटी त्यांचाच 'ग्रामस्थ संघ' केला आणि पुढं बसवलं. मग शेतीची फेरी घातली. उसाच्या तीन लागणी क्रमानं सांगा. शहरातल्या पोरांना 'आडसाली' हा शब्दच नवा. एका आजोबांनी बोटं मोडत सांगितलं: आडसाली जुलै-ऑगस्टला, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू डिसेंबरच्या मध्यापासनं फेब्रुवारीपर्यंत. "आणि आडसालीला दीड वरीस रान अडकतंय, ते बी लिवा." ते लिवा म्हणल्यावर पोरांनी खरंच वह्या काढल्या. ग्रामस्थ संघ जिंकला, बक्षिसाच्या पेनांचं काय करायचं म्हणून त्यांनी ती पोरांनाच वाटली.

मिरज, चर्चच्या तरुण संघातून

आमच्याकडं बायबल क्विझ असते, आणि पाळकांची मुलं ज्या संघात तो संघ जिंकतो. त्यावर उपाय केला, उत्तर आळीपाळीनं द्यायचं. संघानं मिळून ठरवा, पण बोलायचं त्यानंच ज्याची पाळी. मग माहीत असणाऱ्याला शिकवावं लागतं. जुन्या करारात पुस्तकं किती, नव्यात किती, हे नव्यानं येणाऱ्या मुलाला त्याच्या ताईनं तिथल्या तिथं असं सांगितलं: 39 लक्षात ठेव, तीन नव्वे 27. झाली 66. तो उठून एका दमात म्हणाला.

शिवाय एक कानाची फेरी असते. मिरजेत असताना ती नसली तर कसं चालेल? ओळखीच्या सतार बनवणाऱ्यांकडून आवाज रेकॉर्ड करून आणतो. सतार की तंबोरा, एवढंच ओळखायचं. वाटतं तेवढं सोपं नाही. नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या की भलेभले फसतात.

वाई

मोबाईलचं कुणी लिहिलं नाही अजून. टोपलीत फोन गोळा करण्याचा प्रकार मला पटत नाही, पोरं दुसरा फोन खिशात ठेवतात. गुगलला सापडणार नाही असं विचारा. आम्ही फोटोचे तुकडे दाखवतो: घाटाच्या पायरीचा कोपरा, ढोल्या गणपतीचं नुसतं बोट, मेणवलीच्या घंटेचा कडेचा भाग. ती घंटा वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा, हे पुढचा प्रश्न म्हणून. रोज तिथनं जाणाऱ्यांना पण ओळखू येत नाही, आणि मग "थांब, उद्या बघून येतो" सुरू होतं.

पाटण

कोयनेच्या भूकंपाची तारीख विचारा: 11 डिसेंबर 1967, पहाटे. तीव्रता विचारू नका. पुस्तकागणिक आकडा वेगळा, आणि प्रत्येक संघाकडं आपापलं पुस्तक. आमच्यात परीक्षकांच्या टेबलापाशी अर्धा तास गेला, जेवणं गार झाली.

सातारा, नाव नको

सगळं छान चाललंय, पण एक विचारते. दरवर्षी फळ्यावर गुण लिहायला मुलगीच का? "तुझं अक्षर चांगलं" म्हणून मला संघात घेतलंच नाही कधी. यंदा मी खडू दादाच्या हातात दिला आणि खुर्चीवर जाऊन बसले. त्याचं अक्षर कुणाला लागेना, दोनदा बेरीज चुकली, पण आम्ही दुसऱ्या आलो.

धागा काढणारा

ताई, पुढच्या वेळी आमच्या पेठेत या, प्रश्न विचारायलाच या. वाईकर, फोटोचे तुकडे ढापतोय, हरकत नसावी. बझर कुठं मिळतो म्हणून एकानं निरोप पाठवून विचारलंय: बझर घेऊच नका, कुणाचा आधी वाजला यावरनं मारामाऱ्या होतात. प्रत्येक संघाला पाटी द्या, सगळ्यांनी एकदम लिहायचं आणि शिट्टी झाली की एकदम वर धरायची. पाट्या राजवाड्याजवळच्या स्टेशनरीवाल्यांकडं अजून मिळतात.