सासाकीने लोट्टेला टांग दिली का?

डावखुरा: जपानी बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) रोकी सासाकी जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या डॉजर्सकडे गेला, तेव्हापासून हे मनात सलतंय. त्याच्या जपानी क्लबने, चिबा लोट्टे मरीन्सने, या पोराला २०२०च्या अख्ख्या मोसमात एकही सामना खेळवला नाही. आधी अंग भरू दे म्हणाले. २०२२च्या एप्रिलमध्ये, विशीत, त्याने ओरिक्स या दुसऱ्या जपानी क्लबविरुद्ध परफेक्ट गेम टाकला, म्हणजे कुणालाच बेसवर पोचू दिलं नाही: आले २७, गेले २७, त्यात १९ स्ट्राइकआउट (बॅटरला चेंडू न मारू देता बाद), सलग १३! पुढच्या सामन्यात नऊपैकी आठ इनिंग एकही बॅटर बेसवर पोचला नव्हता, तरी खांदा जपायला त्याला बाहेर काढलं. एवढं करून लोट्टेच्या हाती काय? डॉजर्सने सासाकीला दिलेल्या ६५ लाख डॉलर बोनसच्या २५ टक्के, म्हणजे सोळा-सव्वासोळा लाख. ओरिक्सचा पिचर यामामोतो असाच डॉजर्सकडे गेला, तेव्हा त्याचे ओरिक्सला ५ कोटी डॉलरच्या वर मिळाले होते.

चहा_कमी_साखर: अहो, पोस्ट करायचं, म्हणजे मोबदला घेऊन खेळाडूला अमेरिकेत जाऊ द्यायचं, की नाही हे क्लबच ठरवतो. लोट्टेने हो म्हटलं म्हणूनच गेला ना? आणि २५ वर्षं किंवा सहा मोसम भरले नाहीत तर 'हौशी' धरून मायनर लीगचा (खालच्या पातळीचा, कमी पैशांचा) करार, हा नियम काही सासाकीने केलेला नाही. यामामोतोला १२ वर्षांचे साडेबत्तीस कोटी डॉलर मिळाले. दोन वर्षं थांबला असता तर यालाही घसघशीत मिळाले असते. टांग बसली असेल तर त्याच्याच खिशाला.

बाकावरचा: नऊ वर्षांचा असताना २०११च्या त्सुनामीत वडील, आजी-आजोबा गेले. असा माणूस 'दोन वर्षांनी बघू' म्हणेल?

डावखुरा: त्सुनामी मध्ये आणू नका हो, तिच्यापुढे कुणाला काही बोलता येत नाही. मुद्दा क्लबचा आहे. यामामोतो ओरिक्सला २०२१पासून सलग तीनदा लीग जिंकून देऊन गेला. याने एका मोसमात १३० इनिंगसुद्धा टाकल्या नाहीत.

कट्टेकरी: १९९५मध्ये नोमो या जपानी पिचरला अमेरिकेत जायला निवृत्ती जाहीर करावी लागली होती. आपल्याकडे परदेशी लीग खेळायची तर आधी बीसीसीआयला रामराम ठोकावा लागतो, तसंच. पोस्टिंग आलं ते त्यानंतर. क्लबला सोळा लाख तरी मिळाले, नोमोच्या वेळी तेवढेही नव्हते.

डावखुरा: आणि मे २०२५मध्ये आठ सामन्यांतच खांदा धरला. लोट्टे उगाच जपत नव्हती.

चहा_कमी_साखर: ऑक्टोबरमध्ये शेवटच्या इनिंग टाकायला कोण येत होतं? डॉजर्स अजिंक्यपद जिंकले की.

डावखुरा: हो, बहुतेकदा एकेक इनिंग. परफेक्ट गेमवाल्याला!