सगळं घर ग्रे-व्हाइट करायचं म्हणतोय डिझायनर, आई म्हणते अंगारा फासल्यासारखं दिसेल

माहीमचा_हलवा:
नमस्कार मंडळी. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली ती एकदाची उभी राहिली, दिवाळीच्या तोंडावर चावी मिळाली, १४ वा मजला, ३ बीएचके. हॉल आणि आमची बेडरूम पश्चिमेला, मुलाची खोली उत्तरेला. आयुष्यात एकदाच होणारा खर्च म्हणून जरा हात सैल सोडून चांगला डिझायनर धरला आणि त्याने जो थ्रीडी दाखवला तो बघून मी आणि बायको गारच पडलो, फिकट ग्रे भिंती, करड्या रेषांचं पांढरं इटालियन मार्बल, ओटमील रंगाचा सोफा, किचनला एक हँडल दिसत नाही. आईने फोटो बघितले, चष्मा काढला आणि म्हणाली, छान आहे, पण राहायला कुठे जायचं?

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. त्यात एका मित्राकडे गेलो तर त्याच्या बेडरूमला अगदी तोच शेड आहे आणि तो चक्क जांभळट दिसतो! असं का होतं? आणि पावसाळ्यात चार महिने बाहेरही ग्रे आतही ग्रे, माणूस उदास नाही का होणार? मार्बलबद्दलही सांगा, आमच्याकडे रोज हळद, कोकम, चिंच सगळं चालतं.

सुताराचा_नातू:
हे काम १८ वर्षं करतोय म्हणून जरा लांबड लावतो.

ग्रे नुसता ग्रे कधीच नसतो, त्याच्या पोटात निळा, हिरवा, जांभळा नाहीतर पिवळट असा एक रंग लपलेला असतो, आम्ही त्याला अंडरटोन म्हणतो. शेड कार्डवरच्या बोटभर चौकोनात तो कळत नाही, दहा फुटी भिंतीवर बरोबर बाहेर येतो. उत्तरेच्या खोलीत वर्षातला बराचसा काळ थेट ऊन येत नाही, फक्त आभाळाचा निळसर उजेड, त्यात निळ्या-जांभळ्या अंडरटोनचा ग्रे लावला की तुमच्या मित्राच्या बेडरूमचं झालं तेच होणार. मुलाच्या खोलीला ग्रेज घ्या, म्हणजे ग्रे आणि बेजच्या मधला. पश्चिमेच्या हॉलला मात्र थंड ग्रे खुशाल चालेल कारण दुपारी तीननंतर जे पिवळं ऊन आत येतं ते त्याला आपोआप ऊब देतं. तोच हॉल पावसात मेलेला दिसू नये म्हणून शेडचा एलआरव्ही बघा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा, ० म्हणजे काळाकुट्ट आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. मी हॉलला ६५ च्या खाली जात नाही.

आणि लाइट! आपल्या लोकांना ६५०० केल्विनची पांढरीफट्ट ट्यूब लागते, लाखोंचं इंटिरियर करून वर ती लावतात आणि मग म्हणतात दवाखान्यासारखं वाटतंय. ३००० ते ४००० मध्ये काय ते ठरवा पण एका खोलीत दोन जातीचे दिवे नकोत, सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा घ्या. थ्रीडीवर जाऊ नका, त्यात सूर्य डिझायनर म्हणेल तिथून उगवतो. दोन बाय दोनचे पुठ्ठे घ्या, दोन हात रंग मारा, चारी बाजूंनी पांढरी कड सोडा आणि ज्या भिंतीवर रंग जाणार तिथेच उभे करून सकाळी, चार वाजता आणि रात्री दिवे लावून बघा. भिंतीवर थेट पट्टे मारू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो.

पार्ल्याची_काकू:
मार्बलबद्दल माझ्याकडून ऐक बाबा, पैसे मोजून शिकलेय. हौसेने किचनचा ओटा पांढऱ्या इटालियनचा केला, सीलर मारलेला, माणूस म्हणाला ताई निर्धास्त राहा. गणपतीत पाहुण्यांसाठी कोकम सरबत केलं, एक ग्लास ओल्या बुडाचा ओट्यावर राहिला, सकाळी पुसते तर गोल कडं. लाल डाग नव्हता, तिथली चकाकीच गेली होती. मार्बल म्हणजे शेवटी चुनखडीचीच जात, आंबट लागलं की पॉलिश खाल्लं जातं, सीलर डाग मुरू देत नाही पण हे थांबवत नाही. हळदीचं उलट, खिडकीजवळचा हळदीचा डाग उन्हाने हळूहळू उडाला, मिक्सरमागचा अजून तस्साच आहे, त्याच्यावर मी चहाचा डबा ठेवते 😀

हॉलमध्ये घाल मार्बल, ओट्याला ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झ घे. क्वार्ट्झवर तापलेला कुकर मात्र थेट नको, आत रेझिन असतं, ते पिवळं पडतं. आणि देवघराखाली पांढरं घालशील तर कुंकू सांडल्यावर मला आठव.

दादर_टीटी:
मला हे सगळं एअरपोर्टच्या लाउंजसारखं वाटतं, पण असो, पैसे तुमचे. एक मात्र सांगतो, ग्रे हा काही परदेशातून आलेला पाहुणा नाही. आपल्या आयांचं बालपण ज्या शहाबादी फरशीवर गेलं ती कुठल्या रंगाची होती? आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये मोझॅक होतं, पांढऱ्यात करडे-काळे खडे, भिंतीला चुना, म्हणजे आजच्या भाषेत पक्कं कूल न्यूट्रल. तरी कोणाला दवाखाना वाटला नाही कारण वर सागवानी कपाट, पितळेचे डबे आणि दांडीवर आजीची लुगडी होती. भारत टाइल्स १९२२ पासून आहे, त्यांचं टेराझो, म्हणजे तेच खड्यांचं मोझॅक, एकदा बघून या, इटालियनचा हट्ट सुटेल कदाचित.

पावसाळी_बेडूक:
१४ वा मजला आणि पश्चिम म्हणजे पावसाचा मार थेट भिंतीवर. फिकट ग्रेवर ओल आली की चहा सांडल्यासारखे पिवळे डाग दिसतात, आमच्याकडे पहिल्याच जुलैत आले. रंगाआधी मॉइश्चर मीटर लावून घ्या आणि खिडकीच्या फ्रेमभोवतीचं सीलिंग स्वतः बघा. बाल्कनीच्या रेलिंगला ३०४ ग्रेडचं स्टील नको, खाऱ्या हवेत ठिपके येतात, ३१६ ग्रेड सांगा. सोफ्याची कव्हरं निघणारी हवीत, ओटमीलवर बुरशी लगेच कळते.

माहीमचा_हलवा:
सगळ्यांना धन्यवाद, रविवारी पुठ्ठे रंगवले. डिझायनरचा ग्रे हॉलमध्ये संध्याकाळी काय दिसला म्हणून सांगू, पण मुलाच्या खोलीत सकाळी आठला पूर्ण जांभळा, पोरगा म्हणाला आजीच्या त्या साडीसारखा आहे. तिथे ग्रेज फायनल. ओटा काळा ग्रॅनाइट, काकू जिंकल्या. शहाबादीचं आईला वाचून दाखवलं तर एकदम खुलली, म्हणे आमच्या कणकवलीच्या पडवीत होती, दुपारी त्यावर पालथं झोपायचो. मग हळूच विषय काढला, जुन्या घरातला सागवानी झोपाळा भावाकडे पडलाय तो हॉलमध्ये हवा. डिझायनरचं तोंड बघण्यासारखं झालं, पण पितळी कड्यांसकट ठेवायचा ठरलंय. फॉल्स सीलिंग आहे, कड्या कुठे अडकवायच्या?

सुताराचा_नातू:
सीलिंगला अजिबात नाही, जिप्सम पोरांचंही वजन घेणार नाही. फॉल्स सीलिंगच्या आधी बीमला अँकर मारून घ्या, सोसायटीच्या इंजिनिअरला दाखवूनच. आणि जागा आत्ताच ठरवा, नंतर झोका टीव्ही युनिटला लागतो.