लायन्सनं गिब्स घेतला खरा, पण खेळवणार कुठे?

निळा_सिंह: मंडळी, आपल्या डेट्रॉइट लायन्सचा (अमेरिकन फुटबॉल) २०२३ चा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, बघून डोकं चक्रावलंय. मार्चमध्येच बेअर्स संघाच्या माँटगोमरीला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकला, तीन वर्षांसाठी घेतला आणि आता १२ नंबरला परत रनिंग बॅकच, जाहमिर गिब्स. बॉल एकच आहे ना रे? दोघांना कसं वापरणार?

रात्रपाळी: अरे पण आपले जुने रनिंग बॅक गेलेच, स्विफ्टला ईगल्स संघाला देऊन टाकलं, जमाल विल्यम्स सेंट्स संघाकडे गेला, जागा रिकामीच होती की. विल्यम्सनं गेल्या सीझनला १७ टचडाउन मारले (बॉल घेऊन गोल लाइन ओलांडली), बरेचसे अगदी गोल लाइनजवळून, ते धक्काबुक्कीचं काम माँटगोमरी करेल. गिब्सचे अलाबामा विद्यापीठात एका सीझनला ४४ कॅच आहेत, त्याला आधी आपल्या क्वार्टरबॅकच्या (बॉल फेकणाऱ्या) गॉफच्या बाजूला उभा करायचा, मग स्नॅपच्या (खेळी सुरू व्हायच्या) आधी स्लॉटमध्ये, म्हणजे लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्या मधल्या जागेत, सरकवायचा, समोरचा जड लाइनबॅकर (बचावपटू) त्याच्यामागे धावला की मेलाच.

मुकुंदराव: कॅच ठीक आहेत हो, पण थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) ब्लिट्झ आला, म्हणजे जास्तीचे बचावपटू गॉफवर धावून आले, तर अडवणार कोण? ९० किलोचं पोरगं ते. आणि गॉफ काही पळून सुटणाऱ्यातला नाही.

रात्रपाळी: मान्य, म्हणूनच सुरुवातीला हात आखडता घेतील, नंतर वाढवतील असं वाटतं. बाकी सूएल, रॅग्नो, डेकर असली अडवणाऱ्यांची लाइन पुढे असताना बाहेरून पळायला कुठल्याही रुकीला (नवख्याला) मजाच.

निळा_सिंह: पटतंय, तरी १२वा पिक (निवडीचा नंबर) महागच. आपला सहावा पिक देऊन खाली १२ वर येताना ३४वाही मिळाला म्हणून गप्प बसतो 😅