जुनी राजकीय भाषणं वाचून बोलायला शिकता येतं का?

मुक्ता_उदगीर
१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदन झाल्यावर कॉलेजात पाच मिनिटं बोलायचंय. सर म्हणाले, मोठ्या नेत्यांची भाषणं वाच. वाचतेय, पण शेवटी हाताला दोन-चार टाळ्यांची वाक्यंच लागतात आणि माझ्या तोंडी ती उसनी वाटतात. तुम्ही वाचता तरी कसं?

निवृत्त_मास्तर_परभणी
बाळ, टाळ्यांची वाक्यं सोड. बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण घे अन् पेन्सिल घेऊन बस. राजकारणात समता आणि समाजात विषमता, हे सगळे सांगतात; पण ते येतं पार शेवटाकडे. सुरुवात हिशेबाची आहे. ११ अधिवेशनं, १६५ दिवस, त्यातले ११४ मसुद्यावर. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, २,४७३ मांडल्या गेल्या. फार वेळ लावला अशी ओरड होती, तिला हे उत्तर. मग श्रेय सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा लिहिणारे एस. एन. मुखर्जी यांना. पदोपदी हरकती घेणाऱ्या कामथांचे, पंजाबराव देशमुखांचेसुद्धा आभार! मग टीकाकारांना उत्तर, आणि त्यानंतर देशाबद्दलची धास्ती. तोवर ऐकणाऱ्याचा भरवसा बसलेला असतो. प्रत्येक परिच्छेद काय काम करतो, ते समासात एका शब्दात लिही. वर्गात हे करून घ्यायचो तेव्हा पोरं आधी लई कुरकुर करायची.

अंबडचा_शेतकरी
मास्तर, भाषण भारी, पण पोरीकडं पाचच मिनिटं आहेत. तिनं अमेरिकेचा अध्यक्ष लिंकन वाचावा. गेटिसबर्गचं भाषण, १९ नोव्हेंबर १८६३. आधीचे वक्ते एव्हरेट दोन तास बोलले, लिंकनचे शब्द २७० च्या आसपास. मोठ्यानं वाच, दम कुठं लागतो ते बघ.

मुक्ता_उदगीर
माझ्याच मसुद्याच्या समासात लिहून पाहिलं. पहिल्या पानावर सगळीकडं एकच शब्द आला, 'मान्यवर'. नावं गाळली तर सर रागावतील का?

निवृत्त_मास्तर_परभणी
एका ओळीत आटप. मग सरळ हिशेब मांड: देश १५ ऑगस्ट १९४७ ला मोकळा झाला, आपण १७ सप्टेंबर १९४८ ला. मधल्या तेरा महिन्यांत इथं काय चाललं होतं? निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा, तिथून सुरू कर. उदगीरची पोरं कान टवकारतील.